आमचा कौंटीवाला दादा

माणूस गेला की त्याचे किस्से आपल्या घरी राहायला येतात, हे मला माहीत नव्हतं.

दादा गेला त्याला आज चाळीस दिवस झाले. पहिल्या पंधरवड्यात इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधल्या जवळजवळ प्रत्येक मराठी घरातून जेवणाचा ट्रे आला. ट्रे आणणारा दारात गप्प उभा राहायचा, आत येऊन आईच्या पाया पडायचा आणि मग खुर्चीत टेकता टेकता मला म्हणायचा, "बारक्या, ती मॅच आठवते का रे तुला?" त्यानंतर तासभर उठायचा नाही. ट्रे रिकामे झाले, धुऊन रिसायकलिंगमध्ये गेले. किस्से तसेच राहिले. काही लोकांनी सांगितलेले, काही दादाने मला सांगितलेले, काही माझ्या डोळ्यांसमोर घडलेले. माझं शिक्षण नववीपर्यंत, तीही दोनदा. लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या. किश्श्यात काही चुकलेलं नाही.

दादा फास्ट बॉलर होता. सांगली जिल्ह्यातल्या विट्याचा पोरगा इंग्लंडमध्ये जाऊन कौंटी क्रिकेट खेळला. एकच सीझन, त्यातही मोजक्याच मॅच. टीव्हीवर कधी दिसला नाही. पेपरात एकदा नाव आलं, ते चुकीचं आलं. इंटरनेटवर खेळाडूंची यादी असते, तिथे दादाच्या नावासमोर फोटोऐवजी करड्या रंगाचं एक डोकं आहे. नुसतं डोकं, तोंड नाही. मला राग यायचा. एकदा म्हणालो, "दादा, त्यांना तुझा फोटो पाठवू का?"

"राहू दे," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा बरं दिसतंय."

*

कौंटीने त्याला हौसेने घेतलं नव्हतं. तिथल्या एका छोट्या क्लबकडून तो शनिवारी खेळायचा आणि बाकीचे दिवस त्याच क्लबच्या मैदानाची देखभाल करायचा. मे महिन्यात कौंटीचे तीन बॉलर एकापाठोपाठ जखमी झाले. फोन आला तेव्हा दादा रोलर चालवत होता. तसाच मातीच्या बुटांनी गेला.

आपल्याकडे मे महिना म्हणजे अंगाची लाही. तिथे दादाचे दात वाजत होते. पहिल्या मॅचला तो एकावर एक चार स्वेटर घालून उतरला. हात वर जाईना. पहिल्या बॉलला चौकार बसला. तिकडे बॉलरने स्वेटर काढला की अंपायरकडे सांभाळायला द्यायची पद्धत आहे. दादाने एक काढून दिला. दुसऱ्या बॉलला चौकार. दुसरा स्वेटर दिला. असे करत चारही स्वेटर गेले. अंपायर म्हातारा होता. दोन स्वेटर कमरेला बांधलेले, एक खांद्यावर, एक गळ्यात. तो दादाला म्हणाला, "पोरा, आत बॉलर आहे ना, की नुसतेच कपडे?"

पुढच्या बॉलला ऑफ स्टंप उडून विकेटकीपरच्या पायाशी पडली.

"आहे वाटतं," अंपायर म्हणाला.

त्या दिवशी दादाला तीन विकेट मिळाल्या. कौंटीच्या कोचने पाठ थोपटली. संध्याकाळी दादाने विट्याला फोन लावला. आईला क्रिकेटमधलं तेव्हा काही कळत नव्हतं.

"आई, तीन विकेट काढल्या."

"समद्या मिळून किती असतात रं?"

"दहा."

"मग बाकीच्या सात कुणाला दिल्यास?"

दादा म्हणायचा, इंग्लंडमध्ये मला फक्त एका सिलेक्टरची भीती वाटायची, आणि ती विट्यात बसलेली होती.

*

ऑगस्टमध्ये त्याची पाठ गेली. तपासायला जी मुलगी आली ती अमेरिकेहून फिजिओथेरपी शिकायला आलेली. तिने मणक्यावर अंगठा दाबून इंग्लिशमध्ये विचारलं, "इथे दुखतं का?"

"आई गं, मेलो," दादा कळवळला.

ती थांबली. "तू मराठी आहेस? माझे बाबा पण सेम असंच ओरडतात."

तिचा जन्म इथला, अमेरिकेतला. मराठी घरात ऐकून शिकलेली. रिपोर्ट तिनेच त्याला समजावून सांगितला. "तुझा पाठ खूप खराब झाला आहे. सॉरी. आता तू फास्ट नाही टाकणार."

कौंटीने करार वाढवला नाही. वर्षभरात दादाने त्या मुलीशी लग्न केलं. लग्नात एका काकांनी विचारलं, "जमलं कसं रे तुमचं?"

"माझं करिअर संपलं असं हिने सांगितलं," दादा म्हणाला. "मी म्हटलं, मग आता पुढचं पण तूच बघ."

वहिनीने खरंच बघितलं. दोन वर्षं रोज पहाटे त्याच्याकडून व्यायाम करून घेतला आणि स्वतःचाच रिपोर्ट खोटा ठरवला. कौंटीने सोडलेला बॉलर मॉरिसव्हिलला मिळाला तो असा. वहिनीमुळे दादा अमेरिकेत आला, दादामुळे आई आली, आणि काही वर्षांनी आईमुळे मी. मी इथे एका इंडियन ग्रोसरीची व्हॅन चालवतो. आमच्या घराण्यात कर्तृत्व एकानेच केलं, बाकीचे त्याच्या मागच्या सीटवर बसून आलो.

*

इथली लीग रविवारी असते. खेळणारे बहुतेक आयटीतले. पार्कच्या मैदानात मधोमध सिमेंट, त्यावर हिरवी मॅट. दादा पहिल्यांदा उतरला तेव्हा समोरच्या टीमचे कॅप्टन बोरकरभाऊ बॅटिंगला होते. बोरकरभाऊ नागपूरचे, सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात, आणि तेव्हा हेल्मेटऐवजी गोल हॅट घालायचे. दादा रनअप मोजत मागे मागे जायला लागला तसे ते मोठ्याने म्हणाले, "काहून एवढा लांब चालला बे हा? घरी चालला का?"

पहिला बॉल त्यांच्या नाकासमोरून गेला. विकेटकीपरला दिसलाच नाही. बॉल थेट पार्किंगमध्ये.

बोरकरभाऊंनी बॅट शांतपणे मॅटवर ठेवली. खिशातून पाकीट काढलं आणि एकेक कार्ड बघायला लागले. अंपायर म्हणाला, "भाऊ, काय शोधताय?"

"इन्शुरन्सचं कार्ड. नवीन ठेवलं का जुनंच आहे, ते पाहून राहिलो."

दुसऱ्या बॉलला तिन्ही स्टंप आडव्या. बोरकरभाऊ पळत येऊन दादाला भेटले आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "बाप्पा, आउट झाल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नाही."

*

शेजारच्या मैदानावर हायस्कूलची मुलं बेसबॉल खेळतात. त्यांचा कोच ताडासारखा उंच. एका रविवारी तो वेग मोजायचं मशीन घेऊन आमच्या बाउंड्रीवर आला. दादाने बॉल टाकला. कोचने मशीन बघितलं, हातावर आपटलं, पुन्हा बघितलं. तिथे सर्वांत जवळ मीच उभा होतो, म्हणून त्याने मला विचारलं, एवढा वेग आहे तर हा माणूस बॉल मध्ये जमिनीवर का आपटतो? सरळ का नाही फेकत?

माझं इंग्लिश व्हॅन चालवण्यापुरतं. मी म्हणालो, "सर, ही इज काइंड मॅन."

कोच पोट धरून हसला. तेव्हापासून तो दादाला त्याच नावाने हाक मारायचा. "हे, काइंड मॅन." दर वसंतात आपल्या पोरांना कुंपणाला उभं करून दादाचा एक स्पेल दाखवायचा.

मागच्या आठवड्यात तो आईला भेटायला आला. हातात सूपचा डबा होता. आईला इंग्लिश येत नाही, त्याला तेवढंच येतं. बराच वेळ बसला. जाताना आईचा हात धरून फक्त म्हणाला, "काइंड मॅन." आई म्हणाली, "व्हय."

*

आता माझा किस्सा. मी आधी दादाच्याच टीममध्ये होतो. तो कॅप्टन. आई मैदानावर डबा घेऊन यायची आणि मी बाउंड्रीवर फील्डिंग करायचो, म्हणजे आईच्या खुर्चीपासून चार पावलांवर. एका मॅचला मला राहवेना. ओव्हर बदलताना जाऊन एक बटाटावडा घेऊन आलो. पहिला घास घेतला आणि कॅच आला. माझ्या डाव्या हातात वडा. मी उजव्या हाताने पळत पळत, पार आडवा होऊन कॅच घेतला. वड्याला मातीसुद्धा लागू दिली नाही. दोन्ही टीम टाळ्या वाजवत होत्या. असा कॅच इथे कुणी बघितला नव्हता.

दादा लांबून चालत आला. आधी वड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आउट केला की नाही मी?" मी म्हणालो.

"केलास. पुढच्या रविवारी तू पण आउट."

मला वाटलं गंमत करतोय. पुढच्या रविवारच्या टीममध्ये माझं नाव खरंच नव्हतं. माझं डोकं फिरलं. तिथेच पार्किंगमध्ये बोरकरभाऊंना गाठलं आणि म्हणालो, मला तुमच्या टीममध्ये घ्या. ते म्हणाले, "घेतो. पण भावासमोर बॅटिंग करावी लागेल, समजून राहिला ना?" मी म्हणालो, त्याला सिक्स मारण्यासाठीच येतोय.

पुढची चार वर्षं दादाने मला प्रत्येक मॅचमध्ये आउट केलं. सिक्स सोडा, त्याच्या बॉलवर मला एक रन मिळाला नाही. आणि दर वेळी घरी जाताना मला त्याच्याच गाडीत बसावं लागायचं.

*

मग गेल्या वर्षी रिपोर्ट आले. पोटाचा कॅन्सर, पसरलेला. डॉक्टर म्हणाले, पुढचा उन्हाळा बघेल असं सांगता येत नाही. दादाने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा सीझन खेळू का?" डॉक्टर नाही म्हणाले. घरी आल्यावर वहिनी म्हणाली, "सहा पावलं. रनअप फक्त सहा पावलं. सातवं टाकलंस तर मी मैदानात येऊन तुला उचलून नेईन."

गुरुवारी किमो आणि रविवारी मॅच. केस गेले, वजन गेलं, बॉलचा वेगही गेला. कुणाला त्याच्याबद्दल वाईट वाटायला लागलं की तो म्हणायचा, "मला फक्त एक विकेट पाहिजे. आजारी पडल्यानंतरची. ती मिळाली की मी बॉल ठेवतो."

आणि मिळायला लागल्या की. पहिल्याच रविवारी तीन. गाडीत गाणी म्हणत होता, बॉल ठेवायचं विसरूनच गेला. दुसऱ्या रविवारी पुन्हा दोन. तिसऱ्या रविवारी मात्र एका चांगल्या बॅट्समनने आपल्या तिन्ही स्टंप उघड्या टाकल्या आणि बॉल लागायच्या आधीच तंबूकडे चालायला लागला.

दादा जागीच उभा राहिला. मग कळलं. बोरकरभाऊंनी लीगच्या सगळ्या कॅप्टनना फोन केले होते. दादा समोर आला की आउट व्हायचं, अवघड दिसेल असं व्हायचं, पण व्हायचं. आपली माणसं अशीच. आजाऱ्याला फळं नेतात तशा विकेट नेऊन दिल्या.

मॅच संपल्यावर पार्किंगमध्ये दादा बोरकरभाऊंसमोर उभा राहिला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "बोरकरभाऊ, मला कॅन्सर झालाय. मोतीबिंदू नाही."

दादाने स्कोअर लिहिणाऱ्याला बोलावलं आणि सीझनमधल्या आपल्या सगळ्या विकेट ॲपमधून काढायला लावल्या. पोरगं म्हणालं, "दादा, मग तिथे काय लिहू?"

"लिही, बॅट्समनला घरी काम होतं."

त्यानंतर त्याला कुणी विकेट दिली नाही. आणि खरीही मिळेना. सहा पावलांत काय मिळणार? जुलै गेला, ऑगस्ट गेला. घरी येऊन बूट न काढता सोफ्यावर पडून राहायचा. आई माझ्याकडे बघायची आणि मी दुसरीकडे.

*

सीझनची शेवटची मॅच आमच्याशी होती. दादाची टीम आणि बोरकरभाऊंची.

सकाळी डबा भरताना आईने मला हळूच बोलावलं. "बारक्या, तू तर त्याचा सख्खा भाऊ. तुझ्यावर त्याला संशय यायचा न्हाई. आज तेवढं कर."

मी डबा उचलून गाडीत ठेवला. मैदानावर पोचलो तर टीममधला जो तो येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवत होता. बोरकरभाऊ म्हणाले, "मी आता कोणाले काही सांगत नाही. पण तू समजदार आहेस." आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी समजदार म्हणालं.

आमच्या लीगमध्ये पगारी अंपायर नसतात. बॅटिंग करणाऱ्या टीमचेच दोघं अंपायरला उभे राहतात. मी बॅटिंगला गेलो तेव्हा बॉलरच्या बाजूला बोरकरभाऊच अंपायर होते. जिंकायला वीसेक रन हवे होते. मला बघून दादाने पुढची ओव्हर टाकायला निघालेल्या बॉलरच्या हातातून बॉल घेतला.

सहा पावलं मोजली. आला. बॉल हळू होता, पण जागेवर होता. मी नुसता अडवला. बोरकरभाऊंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. पुढच्याला हो आता, असं.

दुसरा बॉल जरा पुढे पडला. तो येताना मला त्याचा हात दिसला. मनगटावर सलाइनच्या सुईचा निळा डाग होता. दादा जिवाच्या आकांताने टाकत होता आणि मी त्याला फळं नेऊन देणार होतो. माझं डोकं फिरलं. अंगात होतं नव्हतं तेवढं बळ काढून मी बॅट फिरवली. बॉल बोरकरभाऊंच्या डोक्यावरून, बाउंड्रीवरून, कुंपणावरून बेसबॉलच्या मैदानात जाऊन पडला.

कुणी टाळी वाजवली नाही. आमच्या टीममधून एक जण ओरडला, "अरे नालायका, भाऊ आहे तो तुझा." आई खुर्चीतून उठली आणि मैदानाकडे पाठ करून उभी राहिली.

बोरकरभाऊ तसेच उभे. हात खाली.

दादा बॉल गेला तिकडे बघत होता. मग वळून म्हणाला, "बोरकरभाऊ, हात वर करा. सिक्स आहे."

बोरकरभाऊंनी दोन्ही हात वर केले. त्यांचे डोळे वाहत होते आणि हात वर असल्यामुळे पुसता येत नव्हते.

बॉल परत आला. दादाने तो पॅंटवर घासला आणि रनअपसाठी मागे निघाला. सहा पावलं झाली. थांबला नाही. दहा झाली, बारा झाली. वहिनी बाउंड्रीपाशी आली. दादा आपल्या जुन्या खुणेपर्यंत गेला, जिथून तो पूर्वी धावायचा. वळला. त्याने लांबूनच वहिनीकडे बघितलं. ती आत येण्यासाठी पुढे झाली, मग आईच्या रिकाम्या खुर्चीची पाठ धरून तिथेच उभी राहिली.

तो धावला. माझा दादा धावला. टोपी उडाली, टक्कल उन्हात चमकलं. मी आईची शपथ घेऊन सांगतो, मी पुन्हा सिक्सच मारायला बघत होतो. बॉल माझ्या पायांच्या बोटांवर आला. बॅट खाली येईपर्यंत मागे आवाज झाला होता. तिन्ही स्टंप आडव्या.

सगळं मैदान माझ्याकडे बघत राहिलं, दादाकडे कुणीच नाही. प्रत्येकाच्या तोंडावर एकच प्रश्न होता. बोरकरभाऊ जवळ येऊन कुजबुजले, "मुद्दाम ना बे?" मी बॅट तिथेच टाकली आणि चालायला लागलो.

घरी जाताना गाडी वहिनी चालवत होती. दादा पुढे, डोकं काचेला टेकवून, डोळे मिटलेले. मागे मी आणि आई. अर्ध्या रस्त्यात आईने पुढे वाकून विचारलं, "बाळा, फार दुखतंय का रं?"

दादाने डोळे न उघडताच सांगितलं, "आई, ह्याला यॉर्कर अजिबात खेळता येत नाही. उद्या सकाळी सहाला उठव ह्याला."